एका शब्दाखालचे चौदा फोटो

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते नेरच्या फोटो स्टुडिओवाल्या काकांचे. नात्याने ते माझे कोणी नव्हते. आमचं घर कुणब्याचं, गाव नेरपासून आठ-दहा किलोमीटर आत. त्यांचं घर बौद्धांचं, नेरमध्येच. मी कॉलेजसाठी रोज एसटीने यायचो. आमच्या गावची गाडी सकाळी सातला नेरला सोडायची आणि कॉलेज अकराला भरायचं. मधले चार तास मी बसस्थानकाच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायचो. पहिल्या वर्षीच्या दिवाळीआधी एकदा काका समोर येऊन उभे राहिले.

"या धुरात काय वाचून राह्यला बे? डोये फुटतीन. दुकानात बस."

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या स्टुडिओतल्या एका स्टुलावर बसून अभ्यास केला. दहाच्या सुमारास काकी घरून डबा आणायच्या. त्यात काकांच्या भाकरीसोबत एक भाकरी जास्तीची असायची आणि ती कोणासाठी आहे हे कोणी बोलायचं नाही. संगणकाच्या कोर्सचा अर्ज काकांनीच आणला, माझा फोटोही त्यांनीच काढून लावला. आमच्या घरात पदवीधर होणारा मी पहिला. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका मी आधी त्यांना दाखवली आणि मग घरी नेली.

काकांची काम करण्याची एक पद्धत होती. निगेटिव्हच्या प्रत्येक पट्टीसाठी वेगळं खाकी पाकीट. पाकिटावर निळ्या शाईत पाच ओळी: फोटोत कोण, गाव कोणतं, कधी काढला, कोणाला दिला, आणि शेवटची ओळ 'कायले'. फोटो कशासाठी काढला ते. पहिल्या चार ओळी इतर फोटोवालेही लिहीत असतील. पाचवी मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. 'मुलीले पाहाले येनार हायेत.' 'बैल विकाच्या आधी.' 'भाऊ दुबईले चालला.' एका ओळीत जेवढं मावेल तेवढंच. मी एकदा विचारलं, एवढं लिहून ठेवायची गरज काय? ते म्हणाले, "फोटोत मानूस दिसते. थो काहून उभा हाये थे नाई दिसत. वाचल्याबिगर निगेटिव्ह हाती घ्यायची नाई." मी मान हलवली. तेव्हा मला ती एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची शिस्त वाटली होती.

पदवीनंतर मला यवतमाळला एका संस्थेत नोकरी लागली. कापसाची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. दिल्लीहून, मुंबईहून, कधी परदेशातूनही लोक यायचे. सगळ्यांना फोटो हवे असायचे, आणि फोटो जमवून, जपून, मागेल त्याला द्यायचं काम आमची संस्था करत होती. आम्ही एका भाड्याच्या घराच्या दोन खोल्यांत बसायचो. एका खोलीत सर, म्हणजे संस्थेचे संचालक. दुसऱ्या खोलीत मी, एक स्कॅनर, एक संगणक आणि भारनियमनात वीस मिनिटं तग धरणारी बॅटरी.

संगणकात फोटोंचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याचं काम समजायला मला महिनाभर लागला. फोटो त्या सॉफ्टवेअरमध्ये नसतातच, ते आपल्या फोल्डरमध्ये पडून असतात. सॉफ्टवेअर फक्त कॅटलॉग ठेवतं. प्रत्येक फोटोची एक छोटी प्रतिमा आणि तिच्याबद्दलची माहिती. त्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. शीर्षक, ठिकाण, तारीख, छायाचित्रकार, कॅप्शन आणि कीवर्ड, असे रकाने असतात. रकाने भरले की एक आज्ञा द्यायची. मग ती माहिती फोटोच्या फाइलमध्ये आतच लिहिली जाते. पुढे तो फोटो कुठेही गेला तरी माहिती त्याच्या पोटातून त्याच्यासोबत जाते. मला हे फार आवडलं होतं. काकांचं पाकीट निगेटिव्हपासून वेगळं होऊ शकतं, हे होऊ शकत नाही, असं मला वाटलं.

सगळ्यांत कटकटीचं काम कीवर्डचं. एकच गोष्ट मी एकदा 'वेचणी' लिहायचो, एकदा 'कापूस वेचणी', एकदा 'कापसाची वेचणी', आणि शोधताना एका शब्दाखाली तिसरा हिस्सा सापडायचा. म्हणून सरांनी एक यादी केली आणि भिंतीवर चिकटवली. त्या यादीबाहेरचा शब्द लिहायचा नाही. पेरणी, डवरणी, वेचणी, बंडी, गंजी, जिनिंग, बाजार, विधवा. "बाहेरचा माणूस ज्या शब्दाने शोधेल, तो शब्द आपल्याकडे पाहिजे," असं सर म्हणायचे. पद्धत म्हणून ते बरोबरच होतं. आजही मी तेच सांगेन. फक्त त्या यादीत 'कायले' असा रकाना नव्हता, आणि बाहेरचा माणूस त्या वर्षांत शोधायचा बहुधा एकच शब्द.

दुसऱ्या वर्षी मी सरांना काकांच्या निगेटिव्हबद्दल सांगितलं. पंचवीस-तीस वर्षांच्या पेरण्या, बाजार, लग्नं, वावरं. शिवाय गेल्या काही वर्षांत ज्या घरांत माणूस गेला होता, त्या घरांतल्या बायकांचे सरकारी मदतीच्या फायलीला लागणारे फोटोही काकांनीच काढले होते. सर लगेच हो म्हणाले. मी नेरला जाऊन काकांना विचारलं. त्यांनी निगेटिव्हची पेटी काढून काउंटरवर ठेवली.

"तू पाह्यशीन ना?"

"मीच पाहीन काका. दुसरा कोणी हातच लावणार नाही."

"मंग ने."

पत्र्याची पेटी मी मांडीवर घेऊन एसटीने यवतमाळला आणली. एक अट मी सरांना घातली होती: फोटो जिथे छापला जाईल तिथे काकांच्या स्टुडिओचं नाव आलंच पाहिजे. यावर माझा त्यांच्याशी वादही झाला. पेपरवाले नाव छापत नाहीत, असं ते म्हणत होते. मी छायाचित्रकाराच्या रकान्यात स्टुडिओचं नाव आणि गाव घातलं, कॅप्शनच्या शेवटीही घातलं, म्हणजे गाळायचं तर कोणाला तरी मुद्दाम गाळावं लागेल. उपकार फेडायची हीच एक रीत मला माहीत होती.

स्कॅनिंगला तीन महिने लागले. पाकिटातून पट्टी काढायची, फडक्याने धूळ पुसायची, स्कॅनरच्या चौकटीत बसवायची. पाकिटांचे गठ्ठे बांधून मी खिडकीत ठेवत गेलो. माहिती नंतर निवांत भरू, असं ठरवलं होतं. निवांतपणा आला नाही. एका पेपरच्या पुरवणीसाठी सरांना दुपारी फोन आला, पती गमावलेल्या बायकांचे फोटो संध्याकाळपर्यंत पाहिजेत. सर दारातून म्हणाले, "स्टुडिओच्या सेटमध्ये असतील ना? टाक कीवर्ड आणि पाठव."

मी कॅटलॉग उघडला. पडद्यावर छोट्या प्रतिमांच्या ओळी आल्या. एक बोट कंट्रोलच्या बटणावर ठेवून मी एकेक बाई निवडत गेलो. खिडकीतले गठ्ठे हाताच्या अंतरावर होते. मी ते सोडले नाहीत. मी कपाळ पाहिलं. कपाळ मोकळं असेल तो फोटो निवडला. चौदा झाले. चौदांना एकदम 'विधवा' हा कीवर्ड दिला, एकदम एकच कॅप्शन दिली: 'कापसाच्या संकटात पती गमावलेली शेतकरी महिला, यवतमाळ जिल्हा.' माहिती फाइलमध्ये लिहायची आज्ञा दिली आणि पाठवून दिले. सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याच आठवड्यात सरांनी तेच चौदा फोटो मागणाऱ्या आणखी सहा ठिकाणी पाठवले.

पुढच्या रविवारी पुरवणीत त्यांतला एक फोटो मोठा छापून आला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमध्ये उभी असलेली बाई, लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, कमरेला कापसाने भरलेली ओटी, डोक्याला फडकं. वेचणीला बाया असा सदरा घालतात, हातांना ओरखडे येऊ नयेत म्हणून. गळा त्यात झाकला जातो, मंगळसूत्र असलं तरी दिसत नाही. खाली काकांच्या स्टुडिओचं नाव होतं, गावासकट. मी ऑफिसात पेढे वाटले.

चार-पाच दिवसांनी काकांचा फोन आला. "बाबू, जमलं त आज ये. एक जन बसला हाये अथी. पेपर घेऊन आला."

मी दुपारच्या गाडीने गेलो. काउंटरसमोर चाळिशीचा एक माणूस बसला होता. नखांत काळं बसलेलं, ते धुऊन न निघणारं. मांडीवर पुरवणीची घडी. काकी कपबशा घेऊन आल्या होत्या आणि परत न जाता आतल्या दाराला टेकून उभ्या होत्या. मी माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसलो. काकांनी माझी ओळख करून दिली नाही.

"हे माही बायको हाये जी," तो माणूस फोटोवर बोट ठेवून काकांना सांगत होता. "अन् खाली काय लेहलं? पती गमावलेली. मी कोठी गमावलो? राजूरच्या खानीत रोज हजेरीले उभा राह्यतो मी."

"तुमाले कोनं दाखवला पेपर?"

"कोनं नाई दाखवला थे विचारा. राजूरले टपरीवर सारे पोट्टे थेच वाचून राह्यलते. मी गेलो त म्हनते, सरका रे, स्वर्गवासी आले. एकानं त हात जोडले. भाऊ म्हने, पुण्यानुमोदन कवा ठेवलं? बुंदी पायजे बरं का."

पुण्यानुमोदन म्हणजे बौद्ध घरांत माणूस गेल्यावर करतात तो विधी. काका हसले नाहीत. तो माणूसच थोडा हसला.

"मी बी हासलो तथी. पन गावात कोनी हासून नाई राह्यलं काका. गावात म्हनते, सरकारच्या यादीत नाव घालाले बाईनं जित्या नवऱ्याले मारलं. तिची माय रडत आली, तीन कोस. अन् नाव कोनाचं हाये खाली? तुमचं. लोक म्हनते, फोटोवालाच फायली बनवून देते अशा."

काका फोटोवर वाकले. मग म्हणाले, "तुमच्या बायकोनंच बलावलं होतं मले वावरात. म्हने, त्यायले फोटो राजूरले पाठवाचा हाये. त्यायचाच सदरा घातला हाये, थो पुरा दिसला पायजे."

"हाव. मी पाह्यला न तवाच ओयखला सदरा. थो फोटो माह्या पेटीत हाये."

काकींनी पुढे होऊन पुरवणी घेतली आणि उजेडाकडे धरली. "कपाय पाहून लेहलं असन. कुंकू नाई न तिले."

"आमच्याकडं आजीपासूनच नाई लावत," तो माणूस म्हणाला.

"आमच्याकडं कुठी लावते? मंग माह्या फोटोखाली बी थेच लेहतीन." काकींनी काकांकडे हात केला. "अन् हे गमावलेले पती रोज दोन भाकरी खाऊन राह्यले."

तो माणूस मोठ्याने हसला. काकाही हसले. मी खाली फरशीकडे पाहत होतो. सगळ्याच बौद्ध घरांत कुंकू टाळत नाहीत. पण काही घरांत कटाक्षाने टाळतात, हे मला नेरमध्ये तीन वर्षं काढून माहीत असायला हवं होतं. काकींचं कपाळ मी हजार वेळा पाहिलं होतं. काकी म्हणजे अशाच, एवढंच मला वाटत आलं होतं. त्यामागे काही ठरवलेलं असेल असं कधी डोक्यात आलं नाही. पडद्यावर नखाएवढ्या दिसणाऱ्या परक्या बाईच्या कपाळाचा अर्थ मात्र मी आमच्या घरच्या रीतीने लावला होता.

मग काका उभे राहिले आणि त्या माणसापुढे त्यांनी हात जोडले. "फोटो मी देल्ले. माह्या नावानं छापले. मी पाह्याले पायजे होतं. चूक माही."

"तुमी कायले हात जोडता जी?" तो घाईने उठला.

ती वेळ माझी होती. मी हाताच्या अंतरावर होतो. मी म्हणालो, "मी चौकशी करतो आणि पेपरला खुलासा पाठवतो." एवढं एकच वाक्य मी त्या दुपारी बोललो.

तो माणूस गेल्यावर काकांनी मला काही विचारलं नाही. काउंटर पुसत म्हणाले, "कोनाकडून झालं थे पाह्यजो."

पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी ऑफिसात येऊन मी बदलांची नोंद उघडली. त्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय लिहिलं याचा इतिहास राहतो. चौदा ओळी होत्या, चौदांवर माझं लॉगिन आणि एकच मिनिट. मग खिडकीतले गठ्ठे सोडले आणि त्या बाईचं पाकीट शोधलं. निळ्या शाईत पाचही ओळी होत्या. शेवटची अशी: 'कायले - नवरा राजूरले खानीत. त्याले पाठवाले. सदरा त्याचा.'

मी कीवर्ड काढला, कॅप्शन बदलली. तेव्हा आणखी एक गोष्ट नीट समजली. कॅटलॉगमधली दुरुस्ती कॅटलॉगमध्येच राहते. पुन्हा आज्ञा दिली की आपल्या फाइलमध्ये जाते. पण जी प्रत आधीच बाहेर गेली, तिच्या पोटात जुनंच वाक्य राहतं, आणि ते तिथे आपला हात पोचेपर्यंत तसंच राहणार. मला आवडलेली गोष्ट ती हीच.

सरांना मी सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. मला नोकरी त्यांनीच दिली होती, अर्जात तीन चुका असताना. आणि संस्था त्या वर्षी कशी चालली होती हे मी पाहत होतो. ते शांतपणे म्हणाले, "पेपरला खुलासा पाठवावा लागेल. तू एक कर. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात स्टुडिओचं नाव टाक. मी खुलाशात तसंच लिहितो."

"पण सर, पाकिटावर बरोबर लिहिलेलं आहे."

"पाकीट कोण बघणार आहे? हे बघ, आपली माहिती चुकीची असते असं एकदा झालं, तर उद्या आपले फोटो कोणी घेणार नाही. त्यांचं एक दुकान आहे. लोक विसरतील."

मी दाराकडे वळलो.

"आणि नाव छापा म्हणून भांडला कोण? पेढे कोणी वाटले? नाव पाहिजे, तर नावासोबत हेही येतं."

"बघतो सर," मी म्हणालो.

अकरा दिवस तो रकाना मी भरला नाही, आणि भरणार नाही असं सांगितलंही नाही. सकाळी संगणक सुरू केला की तो कोरा दिसायचा. मी दुसऱ्या फोल्डरची कामं काढायचो. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत असायचो. ती जुळायची नाहीत, कारण नोकरी का गेली हे सांगायला काकांपासून सुरुवात करावी लागायची.

बाराव्या दिवशी मीच नेरला फोन केला. काकींनी उचलला.

"काका कोठी गेले?"

"हायेत. निगेटिव्ह शोधून राह्यले."

"कोणाच्या?"

"काल चार बाया आल्त्या. आज दोन. म्हनते, आमचे फोटो आमाले वापस द्या, पेपरात नोको. यायनं सांगतलं, पेटी यवतमायले हाये, आनून देतो. दुकानात होते थे देऊन देल्ले." मग थांबून त्या म्हणाल्या, "तहसीलच्या फोटोचं काम बी आता दुसऱ्याकडं चाललं. थे काई बोलत नाई. तू खुलासा पाठवनार होता न बाबू?"

"हो काकी."

"पाठवला?"

मी नाही म्हणालो. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी मी तो रकाना भरला, पेपरला पत्र लिहिलं, आणि दोन्हींची छापील प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, आणि "उद्या बोलू" म्हणाले. त्यानंतर मी काकांना पत्र लिहिलं. टाकण्याआधी ते उतरवून घेतलं होतं, म्हणून ते माझ्याजवळ आहे. ते असं:

काका,

हे पत्र आधी तुम्ही वाचा आणि मग काकींना वाचून दाखवा.

पेपरात छापलेल्या फोटोखालचं वाक्य मी लिहिलं होतं. पेपरवाल्यांनी नाही, सरांनी नाही. तुम्ही दिलेल्या माहितीत काहीही चूक नव्हती. तुमच्या पाकिटावर त्या बाईंबद्दल सगळं बरोबर लिहिलेलं होतं. ते पाकीट माझ्या खिडकीत होतं आणि मी ते वाचलं नाही. फोटोत त्यांच्या कपाळावर कुंकू दिसलं नाही, एवढ्यावरून मी त्यांना विधवा लिहिलं.

त्यांचे यजमान तुमच्याकडे आले तेव्हा हे मला माहीत होतं. तुम्ही त्यांच्यापुढे हात जोडले तेव्हाही माहीत होतं. मी बोललो नाही, कारण मला भीती वाटली. नोकरीची वाटली, आणि तुमची वाटली. नंतर अकरा दिवस मी रोज उद्यावर ढकललं. त्या दिवसांत लोक तुमच्याकडून निगेटिव्ह परत नेत होते, हे मला आज काकींकडून कळलं.

मी काय केलं आहे ते सांगतो. पेपरला माझ्या नावाने पत्र पाठवलं आहे. त्यात लिहिलं आहे की चूक संस्थेत माहिती भरणाऱ्याची आहे, फोटोवाल्याची नाही, आणि या बाईंचे यजमान हयात असून नोकरीवर आहेत. यादीत नाव घालण्यासाठी त्यांनी कोणताही अर्ज केलेला नाही, फोटो त्यांनी यजमानांना पाठवायला काढवला होता, हेही लिहिलं आहे. ते छापतील की नाही मला सांगता येत नाही. हे चौदा फोटो ज्या सात ठिकाणी गेले होते त्यांची नोंद आमच्याकडे आहे. सातही ठिकाणी कळवलं आहे की जुनी प्रत काढून टाका. ते काढतील याची मला खात्री देता येत नाही. माहिती कोणाकडून आली, या रकान्यात मी माझं स्वतःचं नाव लिहिलं आहे.

चौदा पाकिटं मी आज एकेक करून वाचली. अकरा बायांचे यजमान खरंच गेलेले आहेत. तीन बायांचे नाहीत. बाकी दोघींचे फोटो कुठे छापले गेले नाहीत, पण त्यांनाही मी जाऊन सांगणार आहे. ज्या अकरा जणींबद्दल मी बरोबर लिहिलं, ते न वाचता बरोबर आलं. त्यांचे फोटो तुम्ही सरकारी फाइलसाठी काढले होते, पेपरसाठी नाही, हे त्यांच्या पाकिटावर आहे. ते अकराही मी कोणाला पाठवणार नाही.

पेटी मी रविवारी सकाळच्या गाडीने परत आणतो आहे. सगळी पाकिटं, सगळ्या पट्ट्या, मोजून आणि जुळवून. ज्यांना आपली निगेटिव्ह हवी त्यांना ती देता येईल. स्कॅन केलेले फोटो मी तुम्ही सांगेपर्यंत कॅटलॉगमधून बाहेर काढून ठेवले आहेत. पुसायला सांगितलं तर पुसेन.

पेटी ठेवली की मी त्या बाईंच्या गावी जाईन. तुम्ही सोबत येऊ नका. तुम्ही असलात तर लोक तुमच्याशीच बोलतील. मला कोणाचं घर विचारायचं ते पाकिटावर आहे. त्यांचे यजमान राजूरला असतील तर तिथेही जाईन, टपरीवर, सगळे असतात त्या वेळेला.

नोकरीचं उद्या कळेल. घरी मी अजून सांगितलेलं नाही.

मला माफ करा असं मी लिहीत नाही. ते तुम्ही ठरवायचं आहे आणि त्याला घाई नाही. एक मात्र रविवारची वाट न पाहता करा. हे पत्र स्टुडिओच्या काचेवर आतून चिकटवा, रस्त्यावरून वाचता येईल असं. मी मुद्दाम कागदाच्या एकाच बाजूला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.